वस्तादाची काठी मापत नाहीत

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या पुढच्या वर्षाची, म्हणजे २०१७ सालची ही गोष्ट. त्या वर्षीच्या खंडेनवमीला ती संपली. सुरुवात तीन वर्षं आधीची आहे. आणि नीट आठवून सांगायचं तर त्याच्याही फार आधीची, मी औशाच्या शाळेत पाटी घेऊन जात होते तेव्हाची.

मी शांतम्मा. लातूरच्या एका प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. धाकटी बहीण दानम्मा औशातच दिली होती, माहेराच्या हाकेच्या अंतरावर. ती धाकटी असून माझ्यापेक्षा उंच. लहानपणापासून मला चिडवायची, "अक्का, फळीवरचा डबा काढून देऊ का गं? का पाट आणू तुला?" आमच्या अव्वाचा, म्हणजे आईचा, उंचपणा तिच्यात उतरला होता, आणि त्याचा तिला तोराही होता.

तिचे यजमान गेले आणि ती बसलीच. साखर वाढली, गुडघे गेले. खुर्चीवर बसून अंघोळ, भिंत धरून चालणं. तिचा मुलगा उमाशंकर लातूरला असतो, तो बोलावून बोलावून थकला, पण औसा सोडायची तिची तयारी नव्हती. दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"अक्का, मी तालमीत जायला लागले."

"कशाला? झाडायला?"

"काठी शिकायला! संगप्पा वस्ताद शिकवतात म्हाताऱ्या माणसांना. पहाटे. पंधरा-वीस जण असतो आम्ही."

"या वयात काठी? टेकायची का फिरवायची?"

"आधी टेकायची, मग फिरवायची," ती म्हणाली आणि हसली. यजमान गेल्यापासून तिचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

दिवाळीला ती एकटी बसनं लातूरला आली. माझं घर वरच्या मजल्यावर होतं तेव्हा. ती जिना न थांबता चढली. चहा झाल्यावर गच्चीत गेली, कपडे वाळत घालायचा वेळू काढला, पदर खोचला आणि फिरवायला लागली. जरा वेळानं वेळू दिसेनासा झाला, नुसता वारा ऐकू यायला लागला. मी दारात उभी राहून रडले. माझी बहीण मला परत मिळाली होती.

"वस्तादांनी मला त्यांची जोड केलंय," ती धापही न लागता म्हणाली. जोड म्हणजे समोर उभा राहून खेळणारा. "बाकीचे आपसात खेळतात. वस्तादांच्या समोर फक्त मी."

"तुलाच का?"

"उंच हाय ना मी. तुझ्यासारखी बुटकी काय कामाची?"

तिचे परकर मी शिवते. दर दिवाळीला दोन. पुढच्या दिवाळीला, म्हणजे पंधरा साली, जुन्याच मापानं शिवलेला परकर तिच्या पायात घोळला. मला वाटलं, कापताना चूक झाली. ती म्हणाली, "डोळे तपासून घे, अक्का." मी खालची दुमड मोठी करून दिली.

तरी मनातून जाईना म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या वयात मणके दबतात, सगळ्यांचीच उंची थोडी उतरते, घाबरायचं काही नाही. त्यांची साखर बघा, गुडघे बघा, असा पेशंट मला रोज मिळू दे. ते खरंच होतं. मीही उतरले होतेच की थोडी.

सोळा साली मी खंडेनवमीला मुद्दाम औशाला गेले. हत्यारांची पूजा असते त्या दिवशी, तालमीत काठ्यांची. तालीम किल्ल्याच्या बाजूला, खाली उतरून जावं लागतं अशी. आत ताक आणि हळद मुरलेल्या मातीचा आंबूस वास. मधोमध एक गुळगुळीत खांब. आणि मागच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेल्या छोट्या छोट्या काठ्या, शाळेतल्या पोरांच्या असाव्यात तेवढ्या. तेलानं काळ्या पडलेल्या, बुडाची पितळी शेंबी घासून लखलखीत केलेल्या.

संगप्पा वस्ताद पुढं आले. "शरणार्थी, बाई," म्हणत आमच्या रीतीचा नमस्कार केला. ताठ माणूस. कपाळावर विभूतीचे पट्टे, मिशीत अजून काळे केस. दानम्मा म्हणाली होती, पासष्टीचे असतील. पण हा चेहरा मी पाहिलेला होता.

साठएक वर्षांपूर्वी, मी दुसरीत असेन. बसवजयंतीच्या मिरवणुकीत मी आमच्या अप्पांच्या खांद्यावर बसले होते. समोर दोघे जण काठी खेळत होते. एक चनबसप्पा अडत्ये, अख्ख्या औशात सगळ्यात उंच माणूस. स्वतःच्या दुकानात शिरतानाही वाकायचे. घामानं हात निसटतो म्हणून त्यांच्या काठीला मुठीपाशी तांब्याची तार गुंडाळलेली होती, उन्हात ती चमकायची. आणि त्यांच्या समोर हा माणूस. मिशी फुटलेला, भरलेला, तेव्हाच.

हा त्यांचा मुलगा असणार, असं मी मनाला सांगितलं. विचारलं, "चनबसप्पांबरोबर खेळायचे, ते तुमचे वडील का हो?"

"मीच की," ते म्हणाले. "तुम्ही अप्पांच्या खांद्यावर व्हत्या. गुळाचा खडा मागून राहिल्या व्हत्या. अप्पांनी दिला न्हाई म्हणून त्यांची टोपी ओढली."

टोपी ओढल्याचं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

मी विषय बदलायचा म्हणून भिंतीकडे बोट केलं. "लेकरांनाही शिकवता वाटतं?"

"न्हाई बाई." ते हसले. "लेकरांना न्हाई शिकवत मी. लेकरं वाढतात."

मग मापं सुरू झाली. त्या तालमीची रीत अशी: काठी ज्याची त्याच्या कानाच्या पाळीपर्यंत असावी. दर खंडेनवमीला एकेकानं अनवाणी खांबाला पाठ लावून उभं राहायचं, शेजारी काठी उभी धरायची, पाळीच्या वर जेवढी आली तेवढी वस्ताद करवतीनं उतरवतात. कापलेले तुकडे चुलीत घालायचे, त्यावर दूध तापवायचं. पहिला घोट वस्तादांचा, मग सगळ्यांचा. बहुतेकांच्या काठ्या जशाच्या तशा होत्या. एखाद्याची नखभर उतरली.

दानम्मा खांबाला टेकली. मी जवळच होते, माझे डोळे तपासलेले होते. काठी तिच्या पाळीला बरोबर लागत होती. तसूभरही वर नव्हती.

"बरोबर आहे की," मी म्हणाले.

"आता हाय," वस्ताद म्हणाले. "वर्षानं न्हाई राहायची. वय उतरतं, बाई. काठीनं आधी उतरावं, म्हणजे माणसाला वाट सापडती." आणि त्यांनी करवत पाळीच्या खाली लावली, चांगली खाली, आणि कापलं. दानम्मा हसत उभी होती.

"आणि तुमची?" मी विचारलं. त्यांची काठी मधोमध होती, सगळ्यांत लांब, शेंड्यापर्यंत एकसारखी गुळगुळीत.

सगळे एकदम माझ्याकडे वळले. दानम्मानं माझा दंड दाबला. "अक्का! वस्तादाची काठी मापत नाहीत."

दानम्माच्या काठीचा तुकडा चुलीत गेला. वस्तादांनी दोन्ही हातांनी पेला धरून पहिला घोट घेतला, डोळे मिटून, सावकाश. मी माझं दूध पदराआड ओतून दिलं आणि लोकांच्या नजरा चुकवत मागच्या भिंतीपाशी गेले. ओळीतली सगळ्यात शेवटची काठी माझ्या कमरेएवढी होती. तिच्या मुठीपाशी तांब्याची तार होती.

चनबसप्पांचं शेवटी काय झालं, मला माहीत नव्हतं. तेव्हा मी उदगीरला सासरी होते. एकदाच सणाला आले तेव्हा त्यांना दुकानाच्या ओट्यावर बसलेलं पाहिलं. पाय लोंबत होते, खालच्या पायरीला पोचत नव्हते. चेहरा मात्र लाल, तजेलदार. ओटा उंच केला असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. मग त्यांना हात धरून घरी नेणाऱ्या बाईकडे बघून माझ्या बरोबरीची मैत्रीण म्हणाली होती, "आजार न्हाई काई न्हाई, नुसता माणूस सरून राहिला."

त्या वर्षभरात दानम्मा काठीपर्यंत उतरली. गुढीपाडव्याला माझ्या कपाळाशी होती, नागपंचमीला खांद्याशी. बाकी अंग कसं म्हणाल तर खारकेसारखं टणक. साखर नाही, दुखणं नाही, दोन-दोन घागरी घेऊन चढ चढायची. उमाशंकर म्हणायचा, आई किती छान झालीय. पोटच्या पोराला आईची उंची दिसत नाही. त्याची बायको स्वप्नाली, चलाख पोरगी, तिला कळलं. ती मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन म्हणाली, "मावशी, सासूबाई आल्या की त्यांना आता सिंकमधली भांडी दिसत नाहीत. मी पाट ठेवलाय तिथं. त्या नुसत्या पाटावर चढल्या."

मी दानम्माला समोर बसवलं. तार सांगितली, ओटा सांगितला, टोपीसुद्धा सांगितली. म्हटलं, या नवमीला जाऊ नकोस.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माझे गुडघे ठणकायचे तवा तू आली व्हतीस का चोळायला?"

"दर आठवड्याला येत होते."

"आठवड्याला! मला रोज रात काढायला लागायची. ह्या माणसानं मला उठवलं, अक्का. मी मरून पडले व्हते." तिचा आवाज चढला. "उंची घेऊन काय करू मी आता? लगीन जमवायचंय का माझं?"

"तू संपून जाशील गं."

"सगळेच जातात. तू वाकून जाशील, मी ताठ जाईन. जळतंय तुला."

ती उठली. फळीवरचा डबा काढायला हात वर केला, हात पोचला नाही. माझ्याकडे न बघता तिनं पाट ओढला.

ती थांबणार नव्हती. आणखी एकदा करवत लागली असती तर ती त्या भिंतीवरच्या ओळीत जाऊन बसली असती. हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगून पटणार नव्हतं.

नवमीच्या आदल्या दिवशी मी औशाला मुक्कामाला गेले. पहाटे अंघोळ करून म्हटलं, "तू फुलं घेऊन ये, मी पुढं जाऊन मांडणी करते." मी जळत नाही याचा तिला आनंद झाला. "जा, जा," ती म्हणाली, "वस्तादांना सांग, आलेच."

तालमीत वस्ताद एकटेच होते. घोंगडीवर मांडी घालून लिंगपूजेला बसलेले. डाव्या तळहातावर इष्टलिंग, नजर त्यावर खिळलेली, ओठ हलत होते. आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं, लिंग तळहातावर घेतलं की पूजा पुरी होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, नजर काढायची नाही. अप्पांच्या पूजेत एकदा गोठा पेटला होता. अव्वा ओरडत होती आणि अप्पा जागचे हलले नव्हते.

काठ्या धुऊन कांबळ्यावर ओळीनं मांडलेल्या होत्या. शेजारी करवतही धुतलेली, तिलाही विभूती लावलेली. मी हळदीची वाटी खाली ठेवली. भिंतीवरून तारेची काठी काढली. ती वस्तादांच्या काठीशेजारी ठेवली, बुडाला बूड लावून. जिथं चनबसप्पा संपत होते तिथं वस्तादांच्या काठीवर नखानं खूण केली, तिच्यावर पाय दिला आणि करवत ओढली.

भरीव वेळू होता. त्याचा आवाज त्या खोलगट जागेत फार मोठा झाला. मी वर पाहिलं. वस्तादांची नजर तळहातावरच होती. ओठ भरभर हलायला लागले. तळहात कलला, पण लिंग पडलं नाही. मान एकदा माझ्याकडे वळायला लागली आणि अर्ध्यावरून परत गेली. मला वाटलं, मी थांबावं. या माणसानं माझ्या बहिणीला खुर्चीवरून उठवलं होतं, हे खोटं नव्हतं. मग मला तो पाट आठवला, आणि मी हात चालवत राहिले. माझे दंड भरून आले, दम लागला. शेवटी काठी तुटली तेव्हा तालमीतल्या सगळ्या शेंबी, भिंतीवरच्या, एकदम हलकेच वाजल्या. वारा नव्हता.

तुकडा मी चुलीत घातला आणि दुधाचं भगुणं वर ठेवलं.

माणसं जमली. दानम्मा फुलं घेऊन आली. वस्ताद अजून पूजेतच होते. इतका वेळ त्यांना कधी लागत नसे, असं कुणीतरी कुजबुजलं. दूध वर आलं.

"उतू चाललंय," एक जण म्हणाला. "वस्ताद तर उठंनात. पहिला घोट?"

मी पेला भरला आणि दानम्मापुढे धरला. "तू घे."

"वस्तादांच्या आधी? येड लागलं का तुला?" आणि तिला कांबळ्यावरची काठी दिसली. तिच्या हातातली फुलं पडली. "अक्का! काय केलंस गं हे?"

"घे म्हणते ना. तुझ्यासाठीच आहे."

"मरेन पण घेणार न्हाई." तिनं तोंड फिरवलं.

दूध ओसंडून निखाऱ्यांवर सांडायला लागलं. ते कुणीतरी घ्यायला हवं होतं, आणि दुसऱ्या कुणाला द्यायची मला हिंमत झाली नाही. मी पेला तोंडाला लावला. जीभ पोळली. धुरकट, आणि त्यामागे गुळासारखं गोड. खांद्यावर बसून मागितलेला तो खडाच जणू, जो मला कधी मिळाला नव्हता.

वस्तादांनी लिंग गळ्यातल्या डबीत, करडकात, ठेवलं आणि उठले. काठीकडे बघितलं. ती उचलून ते स्वतःच खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि काठी शेजारी धरली. कमरेपर्यंत आली.

"बाई," ते म्हणाले, "माप लई उतरवलं तुम्ही."

मी रिकामा पेला खाली ठेवला.

"कुणीतरी उतरवायचंच व्हतं. माझ्या हातानं हुईना." मग त्यांनी दानम्माला बोलावलं, तिची काठी तिच्या कानाशी धरली. "बरोबर हाय. कापायची न्हाई." ते चुलीपाशी आले, भगुण्यात बघितलं, मग माझ्या ओठांवरची साय बघितली, आणि हसले. असं हसले की मी दोन पावलं मागं सरले.

संगप्पा वस्ताद गुढीपाडव्याच्या आधी गेले. दर पंधरवड्याला कमी होत गेले, म्हणतात. आमच्यात बसवून नेतात. विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या तिरडीत, त्यांना बसवलं तर बाकावर बसलेल्या शाळेतल्या पोरासारखे दिसत होते. समाधीचा खड्डा नेहमीच्या मापानं खणला होता, तो निम्मा मातीनं भरून घ्यावा लागला. त्यांना मूलबाळ नव्हतं. तालमीच्या जागी आता जिम आहे, चारी बाजूंनी आरसे लावलेली. भिंतीवरच्या काठ्या कुठं गेल्या ते कुणी सांगत नाही. तारेची मी उचलून आणली होती, ती चनबसप्पांच्या शेतात पुरली.

दानम्मा त्या दिवशी होती तेवढीच राहिली. काठी मात्र पुन्हा तिच्या हाताला लागली नाही. साखर परत आली, गुडघे परत आले. औसा सोडून ती उमाशंकरकडे राहते, बहुतेक पलंगावरच. वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आता बोलते, पण पूर्वीसारखं चिडवत नाही. परवा म्हणाली, "चार वर्षं ताठ जगले असते गं." मी तिचे गुडघे चोळत होते. चोळत राहिले.

उमाशंकर ठीक आहे, त्याला यातलं काही माहीत नाही. स्वप्नालीला सगळं माहीत आहे. सासूसाठी ती मुलींच्या मापाचे परकर आणते आणि त्यावरचा वयाचा कागद आधीच काढून टाकते.

आणि मी. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. डॉक्टर माझे रिपोर्ट इतरांना दाखवतात. मी आता उमाशंकरच्या शेजारी तळमजल्यावर राहते, रोज पहाटे अंगणात काठी फिरवते. शिकले कधी नव्हते, हातांना आपोआप येतं. स्वप्नाली मागं लागलीय, "मावशी, मला शिकवा ना, मी तुमच्या समोर उभी राहते." मी तिला समोर उभं राहू देत नाही. भिंतीकडे तोंड करून एकटीच खेळते. गेल्या वर्षी साड्या घोट्याच्या वर यायला लागल्या म्हणून सगळ्यांना खाली कापडाची पट्टी जोडली.

कुंपणाची भिंत खचलीय, असं शेजारी म्हणतात. खचली असेल. खेळताना मला तिच्यावरून त्यांच्या अंगणातलं बेलाचं झाड बुंध्यापर्यंत दिसतं. राहायला आले तेव्हा नुसता शेंडा दिसायचा.